माणूस आला, कागद मागे राहिला

दिवाळी सरली की रायबाग, अथणी, चिकोडी, हुक्केरी भागात उसाच्या फडाशेजारी तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, दिसू लागतात. वीटभट्ट्या पेटतात, उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत छठपूजेहून परतलेली माणसं पुन्हा कामाला लागतात. त्याच सुमारास या सदराकडे येणारी पत्रंही वाढतात. या वेळी परगावाहून इथे येऊन राबणाऱ्यांविषयीची पत्रं निवडली आहेत. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: हक्क माणसाबरोबर येतो, पण त्याचा कागद गावाकडे राहतो. म्हणून उत्तरांत कायद्याइतकाच भर कागदावर आहे.

आमच्या रानाशेजारी बीडकडची ऊसतोड टोळी उतरली आहे. कोप्यांत शाळेच्या वयाची सहा-सात पोरं आहेत. गावातल्या शाळेत घेऊन गेलो तर मुख्याध्यापक म्हणाले, दाखला आणा, सॅट्स नंबर (कर्नाटकातल्या विद्यार्थी नोंदीचा क्रमांक) आणा, मग बघू. टोळी मार्चमध्ये परत जाणार. चार महिन्यांसाठी नाव घालता येतं का? (शेतकरी, रायबाग तालुका)

येतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली चार कलमं लक्षात ठेवा. कलम ५ सांगतं की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही हे कारण चालत नाही. कलम १५ प्रमाणे वर्ष अर्ध्यावर आलं हेही कारण चालत नाही. आणि कलम ४ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं, मागे पडलं असेल तर वेगळी शिकवणी द्यायची असते.

मुख्याध्यापकांची अडचण मात्र खोटी नाही. यू-डायस या देशभरच्या शाळांच्या नोंदणी-संगणकात एका मुलाचं नाव एका वेळी एकाच शाळेत राहतं. गावाकडच्या शाळेने ते 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत, टाकलं नाही, तर इथल्या शाळेला ते ओढून घेता येत नाही. म्हणून भांडण्याआधी फोन करा. आईबापांकडून मुलाचं आधारवर असेल तसंच नाव, जन्मतारीख, गावची शाळा आणि इयत्ता लिहून घ्या. प्रगतिपुस्तकावर पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) असेल तर तोही घ्या. मग तिकडच्या गुरुजींना फोन लावून दाखला किंवा स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड मागा. व्हॉट्सअपवर आलेला फोटो कामाला सुरुवात करायला पुरतो. एवढं हातात घेऊन मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. त्यानंतरही नकार आला तर आधी क्लस्टरच्या (शाळांच्या गटाच्या) सीआरपींना, म्हणजे त्या गटाच्या मार्गदर्शक शिक्षकांना, भेटा, मग बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात जा. तुमचा तालुका चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यात येतो, बेळगावला खेपा घालू नका.

जवळ मराठी सरकारी शाळा असेल तर प्रश्नच नाही. गावात फक्त कन्नड शाळा असेल तर पहिली-दुसरीची पोरं महिन्याभरात रुळतात. पाचवीच्या पुढच्यांना गणित आणि विज्ञान जड जातं. त्यांना बालभारतीची पुस्तकं सोबत ठेवायला सांगा. गावाकडे राहिली असतील तर ती बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात.

आता मुख्य अडचण. नाव घालूनही पोर शाळेत दिसत नाही, त्याचं कारण बहुधा कोपीतच असतं. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात आणि मागे दहा वर्षांची मुलगी, कडेवर धाकटं भावंड, चुलीवरचं भांडं आणि राखायला कोपी एवढं उरतं. तिला शाळेत बसवायचं असेल तर त्याच दिवशी तीन ते सहा वर्षांच्या भावंडाला अंगणवाडीत न्यावं लागतं. त्याहून लहान मूल असेल तर टोळीतल्या एखाद्या वयस्क बाईकडे चार-पाच कोप्यांची तान्ही एकत्र ठेवायची सोय आधी लावा. हे केलं नाही तर मुलीचं नाव हजेरीपुस्तकात राहील आणि ती कोपीत.

मार्चमध्ये टोळी हलण्याआधी आठ दिवस हजेरीचा दाखला मागून ठेवा. त्यात पहिली आणि शेवटची तारीख, हजर दिवस, इयत्ता आणि शिक्का हवा. तो नुसता कन्नडमध्ये असेल तर धारूर-वडवणीकडच्या शाळेत कुणाला वाचता येणार नाही. इंग्रजीतही लिहून मागा.

माझ्या शॉपमध्ये बिहार-ओडिशाचे चौदा कामगार आहेत. गावाकडे सगळ्यांचं रेशन कार्ड आहे, इथे मात्र दुकानदार 'तुमचं कार्ड इकडचं नाही' म्हणून परत पाठवतो. (फाउंड्री सुपरवायझर, उद्यमबाग, बेळगाव)

'एक देश एक रेशन कार्ड' योजनेखाली देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात, म्हणजे ज्या पाटीवर इथे 'न्यायबेले अंगडी' लिहिलेलं असतं तिथे, त्यांना धान्य मिळायला हवं. कार्ड राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालचं असावं लागतं. मूळ कार्ड खिशात असण्याची गरज नाही, कार्ड नंबर किंवा आधार नंबर पुरतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो. हे धान्य सध्या फुकट आहे, दुकानदाराने पैसे मागू नयेत. पण कर्नाटक सरकार स्वतःच्या योजनेतून जे वाढीव देतं ते इथल्याच कार्डांना मिळतं. दुकानदार 'तुमचं नाही' म्हणतो तेव्हा कधीकधी त्याचा रोख त्या वाढीव वाट्याकडे असतो आणि ऐकणारा सगळंच गमावून परत फिरतो. हा फरक कामगारांना आधी समजावून द्या.

यंत्रावर नकार येतो तेव्हा तीन गोष्टी तपासा. पहिली, गावाकडच्या घरच्यांनी त्या महिन्याचा सगळा वाटा उचलला का? वाटा विभागून उचलता येतो. पाच माणसांच्या कार्डावर बायको-मुलांचे १५ किलो समस्तीपूरला आणि दोघा भावांचे १० किलो बेळगावात, असं चालतं. पण आधी घरच्यांनी २५ किलो नेले असतील तर इथे शून्यच दिसणार. महिन्याच्या सुरुवातीला घरी एक फोन केला की हे मिटतं.

दुसरी, आधार जोडणी आणि ई-केवायसी. कुटुंबातल्या ज्या माणसाचं हे झालेलं नाही, त्याचं नाव कार्डावर असूनही यंत्र त्याला ओळखत नाही.

तिसरी, बोटं. मोल्डिंगच्या वाळूत आणि गरम कास्टिंगवर हात चालवणाऱ्याच्या बोटांच्या रेषा झिजतात, ऊसतोड्यांचंही तेच. अशा माणसाची दहाही बोटं एकेक करून लावून पाहा. करंगळी आणि डावा अंगठा कमी झिजलेले असतात. जाण्याआधी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत, थोडं खोबरेल चोळून पुसून टाकावं. तरी उमटत नसेल तर डोळ्याच्या बुबुळाची खूण किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी मागा. त्यासाठी आधारला चालू नंबर जोडलेला हवा. बरेच जण इथे आल्यावर सिमकार्ड बदलतात आणि आधारला जुनाच नंबर राहतो. रविवारी दोघा-दोघांना आधार केंद्रात पाठवून नंबर आणि बोटांचे ठसे दोन्ही नवे करून घ्या.

चौदाही जणांना एकदम एका दुकानात नेऊ नका. त्याच्याकडे त्या दिवशी तेवढा साठा नसतो आणि गर्दीत वाद होतो. दोन-तीन दुकानांत वाटून न्या, पहिल्या खेपेला स्वतः बरोबर जा. तक्रारीचा नंबर १४४४५.

ज्याच्याकडे कुठलंच कार्ड नाही, त्याची ई-श्रम नोंदणी आधी करा. वय १६ ते ५९, आधार आणि बँक खातं लागतं, नोंदणी फुकट आहे, चौकशीचा नंबर १४४३४. ई-श्रमवर नाव असून रेशन कार्ड नसलेल्यांना राज्यांनी कार्ड द्यावं असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

टोळीतली एक बाई सात महिन्यांची गरोदर आहे. तिचं माहेरचं-सासरचं सगळं परभणीकडे. इथे तिला कोण बघणार? (गृहिणी, चिकोडी तालुका)

तुमच्याच गावची आशा आणि उपकेंद्रातली नर्स. गरोदर बाईचं नाव तिच्या रेशन कार्डाच्या गावावर ठरत नाही, ती आज जिथे आहे तिथे नोंद होते. तिच्याकडे महाराष्ट्रातलं माता-बाल कार्ड असेल तर त्यावरचा आरसीएच क्रमांक (माता-बाल नोंदणीचा) दाखवा, नसेल तर इथे तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं माता कार्ड, काढून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांची मोफत तपासणी करतात. त्या दिवशी तिला फडातून सुट्टी मिळेल हे मुकादमाशी, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराशी, आधी बोलून ठेवा, खाडा धरू नका म्हणून. अंगणवाडीतून पोषण आहारही मिळायला हवा. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये परगावच्या लाभार्थीला नव्या अंगणवाडीत घेण्याची सोय आहे. १०८ रुग्णवाहिका बोलावताना कोपीचा पत्ता सांगता येत नाही, म्हणून जवळची पक्की खूण, गट नंबर आणि रस्त्यावर उभं राहणाऱ्याचा फोन आत्ताच एका कागदावर लिहून कोपीच्या मेढीला बांधा. बैलगाडीच्या वाटेवर रात्री गाडी चुकते ती इथेच.

आता ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते. बाळ जिथे जन्मतं तिथेच जन्माची नोंद होते. चिकोडीत जन्मलेल्या बाळाचा दाखला परभणीला मिळत नाही. २१ दिवसांत नोंद केली तर खर्च नाही. ३० दिवस उलटले की लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागदपत्र लागतं, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सुट्टी मिळण्याआधी आईबापांची नावं आधारप्रमाणे लिहिली आहेत का हे स्वतः वाचा. कन्नडमध्ये 'ळ' आणि 'ल' इकडेतिकडे झाले तर पुढे सहा वर्षांनी परभणीच्या शाळेत अडतं. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, नाव मागाहून घालता येतं.

हंगाम संपला, पण उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, 'फिटली नाही' म्हणून मुकादम एका जोडप्याला गावी जाऊ देत नाही. बैल आणि मोबाइल ठेवून घेतलाय. यात आम्ही पडावं का? (वाचक, अथणी तालुका)

पडावं, पण आधी आकडा समजून घ्या. हिशेब असा असतो: उचल वजा तोडलेल्या टनांची मजुरी, वरून मुकादमाचं कमिशन, आणि हंगामात घेतलेला किराणा. वाद बहुतेक वेळा टनांवर असतो. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने, दिवसाला पावणेदोन टनांप्रमाणे ११० दिवस तोड केली, तर ती १९२ टनांच्या वर जाते. मुकादमाच्या वहीत १५० लिहिले असतील तर फरक ४२ टनांचा. तो सिद्ध करायला काट्याच्या पावत्या लागतात आणि त्या गाडीवानाकडे किंवा मुकादमाकडे असतात. म्हणून टोळी आल्याच्या पहिल्या आठवड्यात सांगा, दर खेपेची पावती हातात आली की फोटो काढा. दरही आधी विचारा. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेली ३४ टक्के दरवाढ महाराष्ट्रातल्या कारखान्यांसाठीची होती, इकडे उतरलेल्या टोळीला ती आपोआप लागू होत नाही.

उचल घेऊन पळून गेलेल्या टोळ्यांमुळे कर्जात बुडालेले मुकादमही आहेत आणि त्यांचं नुकसान खरं असतं. ते वसूल करायला दिवाणी दावा आहे. माणूस, बैल किंवा फोन अडकवून ठेवणं हा मार्ग नाही. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचं जाणं-येणं रोखलं, तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली ती वेठबिगारी ठरू शकते. त्या कायद्यात हे कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार देणाऱ्यावर असतो, मजुरावर नाही.

तक्रार तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा डीसींकडे (जिल्हाधिकाऱ्यांकडे) लेखी द्या. अथणीसाठी प्रांताधिकारी चिकोडीला बसतात. अर्जात माणसांची नावं, वयं, मूळ गाव, कधी आले, किती उचल, काय अडकवलं आणि आत्ता ते नेमके कुठे आहेत एवढंच लिहा. 'शोषण', 'अन्याय' असे शब्द भरून अर्ज लांबवू नका, त्यात ठिकाणच हरवतं. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या, त्यांचा फोन १५१००. चौकशीनंतर मुक्ती प्रमाणपत्र मागायला विसरू नका. तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे आणि पुढचं पुनर्वसन मूळ जिल्ह्यात त्याच कागदावर मिळतं. प्रमाणपत्राशिवाय जोडपं घरी पोचतं, पण पुढच्या दिवाळीत त्याच मुकादमाच्या गाडीत बसतं.

रात्री जमाव घेऊन कोपीवर जाऊ नका. मजुराला त्याच रात्री दुसरीकडे हलवलं जातं.

ऑफिसात अर्ज कन्नडमध्येच द्या म्हणतात. मजुराला हिंदीशिवाय येत नाही, मला मराठीशिवाय. (निपाणी)

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठीत द्या, वर तो अनुच्छेद लिहा, पोच घ्या. मात्र घाईचं काम असेल, आजारी माणूस किंवा अडकलेला मजूर, तर शेजारच्या कन्नड मित्राकडून चार ओळी लिहून घेऊन सोबत जोडा. काउंटरवर न कळणारा कागद हातात घेऊन उभं राहणं काय असतं हे सीमाभागातल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. परक्या मजुराबरोबर उभं राहायला इतकी तयारी दुसऱ्या कुणाची नसेल.

आमच्या अपार्टमेंटचा वॉचमन नेपाळी आहे, सहकुटुंब राहतो. थंडीत स्वेटर विकायला तिबेटी येतात. हे दोघेही निर्वासित का? त्यांना खोली भाड्याने देणं, मुलांना शाळेत घालणं कायद्याने चालतं का? (टिळकवाडी, बेळगाव)

दोघांची गोष्ट वेगळी. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिक व्हिसाशिवाय इथे राहू आणि काम करू शकतो, तो निर्वासित नाही. भाडेकरार करताना त्याच्या नेपाळी नागरिकतेच्या दाखल्याची किंवा पासपोर्टची प्रत घ्या. वर्षातले १८२ दिवस इथे राहिला असेल तर त्याला आधारही मिळतं, दहा वर्षांच्या मुदतीचं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाविषयी बोलतो, त्यामुळे त्याच्या मुलांनाही शाळेत घ्यावंच लागतं.

तिबेटी मात्र निर्वासित म्हणून आले. आपल्याला जवळची त्यांची वसाहत उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला, १९६६ पासूनची. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, म्हणून त्यांच्या इथल्या राहण्याचा कागद म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला ते 'आरसी' म्हणतात. ते मुदतीत नवं करून घ्यावं लागतं, भाड्याने देताना मुदतीची तारीख तेवढी पाहा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय नागरिक आहेत. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये ते मान्य केलं. म्हणजे स्वेटर विकणाऱ्या पन्नाशीच्या बाईंकडे मतदार ओळखपत्र दिसलं तर ते बनावट असेल असं समजू नका.

आम्ही समाजशास्त्राच्या चार विद्यार्थिनी वीटभट्टी आणि ऊसतोड मजुरांचा सर्व्हे करणार आहोत. असा सर्व्हे कुठे उपयोगी पडतो का, आणि काय सांभाळावं? (बेळगाव)

उपयोगी पडतो, कारण सरकारी मोजणीतून हीच माणसं निसटतात. २०२०-२१ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशात स्थलांतरितांचं प्रमाण २८.९ टक्के आलं. पण तिथे स्थलांतर मोजताना नेहमीचं राहण्याचं ठिकाण म्हणजे सहा महिने किंवा अधिक मुक्काम असं धरतात. नोव्हेंबरात येऊन मार्चात जाणारा तोडकरी त्या व्याख्येत इथला धरला जात नाही. आणि मोजलं तर काय होतं हेही पाहा. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मोजणी होईतो त्याला नेमका आकडा नव्हता.

तुम्ही मोठा आकडा धरू नका. दोन तालुक्यांत मिळून साठ कोयते नीट झाले तरी पुष्कळ. आधी पाच कोप्यांत प्रश्न चालवून पाहा, निम्मे बदलावे लागतील. मोजणीचं एकक 'कुटुंब' ठेवलं तर गोंधळ होतो, टोळीत एका कोपीत दोन कोयते किंवा अर्धा कोयता, म्हणजे एकटा माणूसही असतो. 'कोयता' हेच एकक धरा. वीटभट्टीवर मजुरी हजार विटांवर असते, तिथे गेल्या आठवड्यात किती हजार पाडल्या हे विचारा. 'महिन्याला किती मिळतं' याचं खरं उत्तर त्यांच्याकडे नसतं, कारण महिन्याने मिळतच नाही. तारखा विचारू नका, दिवाळीआधी की नंतर, संक्रांतीला कुठे होता, असं विचारा.

वेळ बघून जा. फडातून आल्यावर बाई चूल पेटवते, पाणी आणते, तेव्हा तिला बसवून चाळीस मिनिटं विचारणं बरं नाही. गाडी भरण्याच्या फेऱ्यांमुळे वेळ रोज बदलतो, म्हणून आदल्या संध्याकाळी विचारून या. प्रश्नावली वीस मिनिटांत संपली पाहिजे. मुकादम शेजारी उभा असताना उचल आणि मजुरीची उत्तरं एकसारखी येतात. चार कोप्यांत तोच आकडा आला तर समजा, ती उत्तरं त्याची आहेत. तुमच्यातल्या दोघींनी मुकादमाची वेगळी मुलाखत घ्यावी, तेवढ्यात इतर दोघींनी कोपीत बोलावं. त्याचं म्हणणंही नोंदवायचंच आहे. बायकांना पाळी, बाळंतपण, आंघोळीची जागा यांबद्दल नवऱ्यासमोर विचारू नका.

आधार नंबर लिहून घेऊ नका, फोटो काढू नका. नावाऐवजी कोयत्याला क्रमांक द्या आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत, कॉलेजात कुलपात ठेवा. संमती तोंडी घेतली तरी चालेल, पण 'नको' म्हटल्यावर तुमच्याकडून त्यांना मिळणाऱ्या मदतीत फरक पडणार नाही हे आधी सांगा. मुलाखतीत आजारी मूल किंवा अडकवलेला माणूस दिसला तर फॉर्म बाजूला ठेवून आशाताईंना किंवा मुलांसाठीच्या १०९८ ला, अडकवलेल्या माणसासाठी वर दिलेल्या १५१०० ला फोन करा. त्यासाठी नंबरांचा कागद दर गटाकडे हवा.

निष्कर्ष टोळी हलण्याआधी तयार हवेत, म्हणजे मुलाखती जानेवारीअखेर संपवा. फेब्रुवारीत एका संध्याकाळी कोप्यांसमोर बसून आकडे मराठीत वाचून दाखवा. कुणीतरी म्हणेल, 'ताई, वाढे विकल्याचे पैसे तुम्ही धरलेच नाहीत.' वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ते पैसेही धरा. दुरुस्त केलेली दोन पानं कामगार अधिकारी, बीईओ, आरोग्य खातं आणि महिला व बालकल्याण खातं यांना द्या. प्रत्येकासाठी त्याच्या खात्यापुरती मागणी वर ठेवा: बीईओंच्या प्रतीवर मुलांची संख्या आणि गावं, आरोग्याच्या प्रतीवर गरोदर बायका किती आणि कुठल्या कोप्यांत.

स्थलांतरितांची माहिती गोळा करणाऱ्यांनी एक पान टोळीच्या मूळ तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही धाडावं. पोरं एप्रिलमध्ये तिथल्या वर्गात परत बसणार असतात.